पॉकेट डायनॅमो : खाशाबा जाधव

होस्टेलच्या मागच्या ग्राउंडवर आम्ही सात-आठ जण बॉक्सिंगचा सराव करतो. नवीन आलेला प्रत्येक जण आधी ग्लोव्हज मागतो आणि बॅगवर तुटून पडतो. दीड मिनिटात धाप! मग बिचारा कट्ट्यावर बसून स्वतःचे दंड बघत राहतो. ताकद असते हो, दमसास नसतो. अशा दोस्तांना मी बॉक्सरची नाही, एका पैलवानाची गोष्ट सांगतो.

मी कारेगावचा. शेजारी रांजणगावची एमआयडीसी असली तरी आमच्या भागात यात्रेला कुस्त्यांचा फड लागतोच. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे खाशाबा जाधव हे नाव मला शाळेत नाही, फडावरच्या म्हाताऱ्यांकडून कळलं.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे, आणि अंगानंही लहानखुरे. पुढे लोक त्यांना 'पॉकेट डायनॅमो' म्हणू लागले. (इलेक्ट्रिकलवाल्यांनी कॉलर ताठ करावी!) शिक्षण कराडचं टिळक हायस्कूल, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. म्हणजे तेही आपल्यासारखे कॉलेजकुमारच.

1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ते लंडन ऑलिंपिकला गेले. तोवर सगळी कुस्ती लाल मातीत. तिथं एकदम मॅट आणि नियमही परके! तरी 52 किलो गटात सहावे आले. मला वाटतं, खरे खाशाबा इथून सुरू होतात. परत येऊन चार वर्षं त्यांनी घाम गाळला आणि वरच्या, 57 किलोच्या गटात उतरले. वजन वाढवायचं आणि चपळाई घालवायची नाही, हे किती अवघड असतं ते मेसमध्ये चार महिने जेवलेल्या कुणालाही विचारा.

1952 च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, प्राचार्य खर्डीकरांनी तर राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. (आमचे सर हे वाचत असतील तर टेन्शन घेऊ नका!)

हेलसिंकीत कॅनडा आणि मेक्सिकोचे मल्ल त्यांनी हरवले. पुढे जपानच्या इशीईशी झुंज लांबली, अंग पार पिळून निघालं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं राहावं लागलं आणि हक्क मागायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता, असं सांगतात. त्या दोघांना सुवर्ण आणि रौप्य मिळालं, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला 1996 उजाडलं!

तो अर्धा तास माझ्या डोक्यातून जात नाही. जोरात झुंजल्यावर श्वास आणि नाडी जाग्यावर यायला वेळ लागतो, आणि हा वेळ कमी करणं हाच तर सुरुवातीच्या ट्रेनिंगचा निम्मा भाग. बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांची राउंड आणि मध्ये फक्त एक मिनिट! म्हणून आम्ही नवीन पोरांना पहिले काही आठवडे स्पारिंग देतच नाही. बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं. दोरीवरच्या उड्या आधी एक मिनिट, मग हळूहळू तीन, मध्ये एक मिनिट थांबून. एक दिवस आड सराव. जोर-बैठका आहेतच. पोरं कुरकुरतात, मग मी खाशाबा काढतो.

पदक घेऊन आल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत त्यांची बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. 1955 मध्ये ते पोलिसांत फौजदार झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, एका तपाहून अधिक काळानंतर. गोळेश्वरच्या त्यांच्या घराचं नाव 'ऑलिंपिक निवास' आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं बाईकवरून तिकडं जाणार आहोत, कुणाला यायचं असेल तर सांगा.