विद्रोही कवीचे मौन

घरातले म्हातारे माणूस विसरू लागले, की साठी बुद्धी नाठी असे म्हणून आपण मोकळे होतो. विस्मरण हा वार्धक्याचा धर्मच, अशी आपली समजूत असते. परंतु स्मृतिभ्रंश, म्हणजे वैद्यकातला डिमेन्शिया, हा मेंदूच्या आजारांतून उद्भवतो. तो केवळ म्हाताऱ्यांनाच गाठतो असे नाही आणि प्रत्येक वेळी स्मरणशक्तीच आधी जाते असेही नाही. बंगालचे विद्रोही कवी काझी नझरुल इस्लाम यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

नझरुल यांचा जन्म २४ मे १८९९ रोजी वर्धमान जिल्ह्यातील चुरुलिया गावी झाला. नवव्या वर्षी वडील वारले. पोटासाठी त्यांनी मशिदीत चाकरी केली, लेटो या लोकनाट्याच्या फडात गाणी रचली, आसनसोलला रोटीच्या दुकानात काम केले. १९१७ साली शाळा अर्धवट सोडून ते पलटणीत भरती झाले आणि कराचीला गेले. (कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यातच होती.) तिथे हवालदारी करता करता त्यांनी हाफिजची फारसी कविता अभ्यासली. पलटण मोडल्यावर १९२० साली ते कलकत्त्याला आले. डिसेंबर १९२१ मध्ये एका रात्रीत त्यांनी ‘विद्रोही’ ही कविता लिहिली. वय होते अवघे बावीस! पुढे ‘धूमकेतू’ नियतकालिकातील लेखनाबद्दल त्यांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली. तुरुंगात त्यांनी महिन्याहून अधिक काळ उपोषण केले. रवींद्रनाथांनी आपले ‘वसंत’ हे गीतिनाट्य त्यांना अर्पण केले, ते याच सुमारास.

नंतरचा काळ गाण्यांचा. ग्रामोफोन कंपनीच्या तालमीच्या खोलीत, गलबल्यात बसून ते भराभर गीते लिहीत आणि चाली बांधत. इस्लामी गझल आणि काली मातेची श्यामासंगीते एकाच लेखणीतून उतरत होती. त्यांच्या गीतांची संख्या तीन हजारांच्या आसपास सांगतात. असा हा शब्दांचा धनी. त्याचे शब्दच जावेत!

९ जुलै १९४२ च्या सुमारास कलकत्ता नभोवाणीच्या कार्यक्रमात बोलता बोलता त्यांची जीभ अडखळू लागली. त्याच महिन्यात मित्राला लिहिलेल्या पत्रात बोलणे कष्टाचे झाल्याचे त्यांनी स्वतःच कळवले होते. म्हणजे आरंभी रोग्याला आपल्यात काही बिघडल्याची जाणीव होती. वय त्रेचाळीस. या वयात मेंदू झिजू लागला असेल, हे कोणाच्या मनात येणार? इतर कारणे मात्र हाताशी तयार होती. लाडका मुलगा बुलबुल १९३० साली देवीच्या रोगाने गेला होता. पत्नी प्रमिलादेवी अर्धांगाने अंथरुणाला खिळल्या होत्या. डोक्यावर कर्ज होते. पुत्रशोकानंतर ते योगसाधनेकडे वळले होते. अशा माणसाचे काही बिनसले, तर घरच्यांना ते दुःखाचे वा साधनेचे फळ वाटणे अगदी साहजिक होते. १९४१ च्या एप्रिलमधले त्यांचे एक भाषण तर निरोपाच्याच सुरातले आहे. आज ते वाचणाऱ्याला त्यात आजाराची चाहूल दिसते, परंतु असे मागून शहाणे होणे सोपे असते.

होमिओपॅथी झाली, आयुर्वेद झाला. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांना लुंबिनी पार्क मनोरुग्णालयात ठेवले. चार महिन्यांत काही गुण आला नाही. मग दहा वर्षे जवळजवळ तशीच गेली. १९५२ साली चाहत्यांनी नझरुल निरामय समिती स्थापन केली, त्यांना रांचीला हलवले आणि १९५३ साली लंडनला व तेथून व्हिएन्नाला पाठवले. लंडनच्या तपासणीत मेंदूचा पुढचा भाग आक्रसल्याचे दिसले. व्हिएन्नाचे प्राध्यापक हान्स हॉफ यांनी पिकचा रोग असे निदान केले. उपचारांची वेळ टळून गेलेली आहे, असे सांगण्यात आले. खरे तर या रोगाला थोपवणारे औषध तेव्हा नव्हते आणि आजही नाही.

प्रागचे आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये या रोगाचे वर्णन केले. अल्झायमरच्या रोगात बहुधा ताज्या आठवणी प्रथम पुसल्या जातात. माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, पायाखालच्या वाटेवर चुकतो, पैशांच्या हिशेबात गोंधळतो. पिकच्या रोगात मेंदूचे कपाळामागचे आणि कानशिलांजवळचे भाग आधी झिजतात. मग नेमका शब्द सापडत नाही किंवा स्वभावच पालटतो. भिडस्त माणूस चारचौघांत नको ते बोलतो, मायाळू माणूस घरच्यांच्या दुःखाकडे कोरड्या डोळ्यांनी पाहतो. तारखा, नावे मात्र त्याला पाठ असतात! म्हणूनच घरचे त्याला तऱ्हेवाईक ठरवतात किंवा वेड लागले म्हणतात. हा आजार पुष्कळदा पासष्टीच्या आत सुरू होतो. विसराळूपणामागे कधी थायरॉइडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा खिन्नतेचा विकारही असतो. ही कारणे उपचारांनी दूर होऊ शकतात, म्हणून बोलण्यात वा वागण्यात असा बदल दिसताच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. नझरुल यांच्या बाबतीत मेंदूची अशी तपासणी व्हायला अकरा वर्षे लागली.

त्यांच्या निदानाबद्दलही शंकेला जागा आहे. या रोगाचे रुग्ण सहसा इतकी वर्षे जगत नाहीत. नझरुल चौतीस वर्षे जगले, नजर शून्यात लावून, जवळजवळ निःशब्द. १९६० साली पद्मभूषण मिळाले, ते त्यांना उमगले असेल असे वाटत नाही. स्वतः उठू न शकणाऱ्या प्रमिलादेवी बिछान्यावरूनच त्यांना भरवीत असत. या चरित्रात विद्रोहाइतकेच मोल मला या भरवण्याचे वाटते. ३० जून १९६२ रोजी त्या गेल्या. १९७२ च्या मे महिन्यात नव्या बांगलादेशाने कवीला सन्मानाने ढाक्याला नेले. २९ ऑगस्ट १९७६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. मशिदीशेजारी आपले दफन व्हावे, अशी इच्छा त्यांनी एका गीतात व्यक्त केली होती. त्याप्रमाणे ढाका विद्यापीठाच्या मशिदीलगत त्यांना पुरले. प्रमिलादेवींची कबर मात्र चुरुलियाला आहे.