पॅट्रिक गेडिस : बाग आखण्याआधी वस्ती पाहणारा माणूस

सार्वजनिक बाग कशी असावी, हे नकाशा काढणाऱ्याने ठरवायचे की तिथे राहणाऱ्यांनी? या प्रश्नाशी सर पॅट्रिक गेडिस यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

गेडिस यांचा जन्म १८५४ मध्ये स्कॉटलंडमध्ये झाला. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. १८८६ मध्ये लग्न झाल्यावर ते पत्नी ॲनासह एडिंबरोच्या जुन्या, दाटीवाटीच्या वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी अंगणे झाडली, भिंती रंगवल्या. पुढे तिथल्या पडीक जागांवर छोट्या बागा उभ्या राहिल्या.

१९१४ मध्ये ते भारतात आले. रोगराई हटवण्यासाठी जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढायचे, ही तेव्हाची सरकारी रीत होती. त्यात गरिबांची घरे जात. गेडिस आधी गल्लीबोळ पायी फिरत. मग मोजकीच पडकी घरे काढून तिथे झाडे आणि मोकळी जागा सुचवत.

होळकरांच्या इंदूरमध्ये त्यांनी जाहीर केले, की दिवाळीची मिरवणूक सर्वांत स्वच्छ भागातून जाईल. मग लोकांनीच आपापल्या आळ्या झाडून काढल्या. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.

आज वणीसारख्या गावात नवी बाग आखायची असेल, तर त्यांची पद्धत साधी आहे : म्हातारी माणसे कुठे टेकतात, मुले कुठे खेळतात, हे आधी पाहा, रेघ नंतर ओढा.