हॅन्स अँडरसन : रंगभूमीसमोरचा रसिक

आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबारायांची पालखी आपल्या निमगाव केतकीस येते. त्याच वाटचालींत बेलवडीस व इंदापुरास गोल रिंगण होतें. रिंगणांत धांवणारे अश्व थोडे. पाहणारे डोळे हजारों. परंतु भोंवतीं उभे असलेल्यांच्या वांट्यास आनंद कमी येतो, असें कोण म्हणेल? जें आपणांस करितां येत नाहीं, तें दुसऱ्यानें केलेलें पाहून सुखी होणें ही मोठी विद्या आहे. ती विद्या कष्टानें शिकलेल्या एका पुरुषाचें चरित्र येथें देत आहों. कुरूप बदकपिल्लाची गोष्ट लिहिणारा हॅन्स ख्रिश्चन अँडरसन तो हाच.

डेन्मार्क देशांतील ओडेन्स गांवीं २ एप्रिल १८०५ रोजीं त्याचा जन्म झाला. बाप जोडे शिवी; आई लोकांचे कपडे धुई. घरीं दारिद्र्य होतें; तरी बाप मुलास अरबी सुरस गोष्टी वाचून दाखवी. त्यानें त्याला बाहुल्यांचें एक लहानसें नाटकघरहि करून दिलें होतें. १८१६ सालीं बाप वारला. दोन वर्षांनीं कोपनहेगन येथील राजनाट्यगृहाची मंडळी गांवीं आली, आणि हॅन्सला त्यांच्या खेळांत एक किरकोळ काम मिळालें. तेव्हांपासून रंगभूमीवांचून त्याला दुसरें कांहीं सुचेना. सप्टेंबर १८१९ मध्यें, अवघ्या चौदाव्या वर्षीं, तो एकटाच राजधानीस निघाला.

बॅले म्हणजे शब्दांवांचून, केवळ वाद्यसंगीत, पदन्यास व अभिनय यांच्या योगें सांगितलेली कथा. त्या कलेंत प्रख्यात असलेल्या शाल नांवाच्या नर्तकीकडे हॅन्स प्रथम गेला. त्यानें पायांतील बूट काढले, टोपीचा डफ केला आणि तिच्यापुढें तो नाचूं लागला. हा मुलगा वेडा असावा, असें त्या बाईस वाटलें. नाट्यगृहाच्या चालकानें तो फार हाडकुळा म्हणून त्यास परत पाठविलें. सिबोनी या इटालियन गायकानें दया करून गाणें शिकविण्यास आरंभ केला. पण थोड्याच महिन्यांत मुलाचा आवाज फुटला. शेवटीं डालेन नांवाच्या नर्तकानें त्यास बॅलेच्या शाळेंत घेतलें. १८२१ सालीं ‘आर्मिडा’ या बॅलेंत त्याला एका राक्षसाचें बारीकसें काम मिळालें आणि आपलें नांव छापलेलें पाहून त्याला आकाश ठेंगणें झालें. परंतु लांबलचक, बेंगरूळ शरीर नृत्यास वश होईना. १८२२ सालीं नाट्यगृहानें त्यास निरोप दिला.

स्वप्न मोडलें. आतां गांवीं परतावें, कीं दारोदार फिरावें? या वेळीं नाट्यगृहाच्या कारभारी मंडळांतील योनास कोलिन या सद्गृहस्थानें राजाकडून त्याच्या शिक्षणाच्या खर्चाची तरतूद करविली. सतरा वर्षांचा हा उंच मुलगा स्लॅगेल्सच्या शाळेंत लहान मुलांच्या बांकावर जाऊन बसला. मुख्याध्यापक कठोर होते, अपमान पुष्कळ झाला. तरी त्यानें अभ्यास सोडला नाहीं. १८२८ सालीं तो परीक्षा उतरला. पुढील वर्षीं, ज्या रंगभूमीनें त्यास घालवून दिलें होतें, तिच्यावरच त्याचें नाटक झालें. १८३५ सालीं त्याच्या परीकथांचें पहिलें पुस्तक निघालें.

नाचण्याचा नाद सुटला. नृत्याची आवड मात्र सुटली नाहीं. कोपनहेगनमध्यें असला म्हणजे त्याच्या कित्येक संध्याकाळी राजनाट्यगृहांत जात. तेथील बॅलेचा प्रमुख ऑगस्ट बूर्नोनव्हिल हा त्याच्याच वर्षीं जन्मलेला, बॅलेशिक्षकाचा मुलगा. अँडरसनला जें हवें होतें तें सर्व या माणसास लाभलें होतें. तरी तो त्याचा शत्रु न होतां स्नेही झाला. अँडरसन स्वभावानें हळवा आणि स्तुतीचा भुकेला होता. म्हणूनच ही गोष्ट विशेष.

१८३८ सालीं त्यानें कथिलाच्या शिपायाची गोष्ट लिहिली. एका पायाचा हा खेळण्यांतील शिपाई कागदाच्या नर्तकीकडे एकटक पाहत राहतो. तिनें एक पाय उंच उचललेला असतो, तो त्याला दिसत नाहीं. ती आपल्यासारखीच एकपायी आहे असें त्या बिचाऱ्यास वाटतें. नाचतां न येणाऱ्याचें इतकें निर्मळ प्रेम, स्वतः त्या वाटेनें गेल्यावांचून कोणास लिहितां आलें असतें? गोष्टी सांगतां सांगतां अँडरसन कात्रीनें कागदाचीं चित्रें कापी; त्यांतहि नर्तकी वारंवार येत. पुढें १८७१ सालीं बूर्नोनव्हिलनें याच शिपायाच्या कथेवरून बॅले रचला. ज्या मुलाचे पाय त्या रंगभूमीस नको होते, त्याची कथा तिच्यावर नाचूं लागली. ४ ऑगस्ट १८७५ रोजीं अँडरसन निवर्तला.

विद्यार्थीमित्रहो, आवडत्या विद्येंत आपणांस यश येईलच असें नाहीं. अपयश आलें म्हणजे त्या विद्येचाच तिटकारा करणें सोपें असतें. अँडरसननें तसें केलें नाहीं. बॅलेच्या शाळेंत पाय दुखवून घेतल्यामुळें, चांगल्या पदन्यासामागें केवढे श्रम असतात हें त्यास कळलें होतें. ते शिकण्याचे दिवस म्हणून वायां गेले नाहींत. आणि आईबापांनींहि ध्यानांत ठेवावें कीं, मुलाची हौस पुरी झाली नाहीं तर तिची थट्टा करूं नये. कोलिननें त्या मुलाचें स्वप्न हंसण्यावारी नेलें नाहीं; त्यास दुसरी वाट दाखविली. हौस तशीच राहिली, आणि तिच्या बळावर मुलगा पुढें गेला.