वर्गातली थंडी आणि वॉरन जॉन्सन

घरातला फ्रीज मध्येच बंद होतो आणि काही वेळाने पुन्हा घरघरू लागतो, हे आपण रोज पाहतो. अशा आपोआप चालणाऱ्या तापमान-नियंत्रणाला शाळा-कचेऱ्यांच्या इमारतींत नेणारे वॉरन जॉन्सन हे मुळात एक शिक्षक होते, म्हणून आम्हाला ते विशेष जवळचे वाटतात.

त्यांचा जन्म १८४७ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. पुढे विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथे, शिक्षक घडवणाऱ्या विद्यालयात ते प्राध्यापक झाले. तिथला हिवाळा बर्फाचा. वर्गांना ऊब मिळे ती तळघरातल्या भट्टीची. वर्ग गार आहे की फार तापला आहे हे पाहायला शिपाई वर्गात येई आणि मग खाली जाऊन झडपा कमी-जास्त करी. तेवढ्यात शिकवण्याचा धागा तुटायचा. (आमच्याकडे नुसती नोटीस आली तरी सगळ्या माना दाराकडे वळतात!)

दोन वेगळे धातू तापल्यावर कमी-अधिक प्रसरण पावतात, म्हणून त्यांची जोडपट्टी वाकते. हे लोकांना आधीपासून ठाऊक होते. जॉन्सन यांनी त्याच वाकण्याने विजेचे मंडल जोडले आणि थेट तळघरात घंटा वाजवली. शिपायाला वर्गात यायचे कारणच उरले नाही. १८८३ साली त्यांना याचे पेटंट मिळाले. विल्यम प्लँकिंटन यांनी भांडवल दिले आणि १८८५ साली मिलवॉकी येथे कंपनी उभी राहिली. जॉन्सन यांनी शिकवणे सोडले.

पण घंटा फक्त वर्दी देते, झडप माणसानेच फिरवायची. १८९५ साली त्यांनी दाबलेल्या हवेने झडप आपोआप हलवणाऱ्या पद्धतीचे पेटंट घेतले. आम्हाला खरे मोठे पाऊल हेच वाटते. आजच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकातही हीच दोन कामे वेगळी असतात. सेन्सर तापमान सांगतो, रिले वीज जोडतो किंवा तोडतो. म्हणून तो विकत घेताना दोन्ही पाहावे लागतात. हीटर जितके अँपिअर ओढतो तितके रिलेला झेपत नसतील, तर मध्ये कॉन्टॅक्टर बसवतात. फ्रीजसाठी घ्यायचा असेल तर कॉम्प्रेसर बंद होताच लगेच सुरू होऊ नये अशी काही मिनिटांची सोय हवी. जोडणी मात्र वायरमनकडूनच, मेन स्विच बंद करून.

जॉन्सन यांचे मन एका जागी रमणारे नव्हते. मनोऱ्यांवरची घड्याळे, बिनतारी संदेश, वाफेच्या मोटारी, सगळ्यांत त्यांनी हात घातला. १९११ साली लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर कंपनीने बाकीचे उद्योग सोडून दिले आणि तापमान-नियंत्रण तेवढे ठेवले.