डॉ. सु. मं. कत्रे : आधी ऐका, मग ठरवा

सीमाभागात भाषेचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, तुम्ही कोणत्या बाजूचे? कै. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी हा प्रश्न दाराबाहेर ठेवला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा विभाग उभा केला.

कत्रे मूळचे होनावरचे, जन्म १९०६ चा. घरात कोकणी, गावात कानडी आणि पुढची सारी कर्तबगारी मराठी पुण्यात. १९३१ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. सरकारने १९३४ मध्ये बंद केलेले डेक्कन कॉलेज माजी विद्यार्थ्यांच्या कोर्टातील लढ्यामुळे १९३९ साली संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. कत्रे तेथे प्राध्यापक झाले आणि १९४२ पासून जवळजवळ तीन दशके संचालक राहिले.

त्याच १९४२ साली कोकणीच्या जडणघडणीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. सहा बोलींतील ध्वनी आणि रूपे प्राकृतापासून तपासून त्यांनी कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मांडले. मराठीशी असलेले जवळचे नातेही झाकले नाही. कोकणी ही मराठीची बोली, असे मानणाऱ्यांच्या शहरात बसून हे लिहिणे सोपे नव्हते. आपल्यातील अनेकांना ते आजही रुचत नाही. साहित्य अकादमीची मान्यता १९७५ ची, गोव्याचा राजभाषा कायदा १९८७ चा, आठव्या अनुसूचीतील समावेश १९९२ चा. हे निर्णय राजकारणातून आले, कत्र्यांचा ग्रंथ त्याच्या कितीतरी आधीचा. त्याला उत्तर द्यायचे तर पुराव्यानेच द्यावे लागेल, घोषणांनी नव्हे.

विभागाची शिस्त हीच होती. शुद्ध-अशुद्धाचा निवाडा न करता माणूस बोलतो तसे टिपायचे. पंडिताचे बोलणे आणि गवळणीचे बोलणे एकाच वहीत. १९५४ नंतर रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने तेथे भाषाशास्त्राच्या शाळा भरल्या. देशभरातून आलेले नानाभाषी प्राध्यापक एका वर्गात बसले आणि आपापल्या विद्यापीठांत हा विषय घेऊन गेले. शिकवायला आलेल्या अमेरिकनांत जॉन गम्पर्झ होते. सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या बोलण्यावर त्यांनी रॉबर्ट विल्सन यांच्यासह १९७१ मध्ये लिहिलेला लेख जगभर वाचला गेला. तेथील मराठी, कानडी आणि उर्दू यांचे शब्द वेगळे, पण वाक्याची ठेवण जवळजवळ एकच! बाजारात उभे राहून हे आपणही ऐकतो, फक्त लिहून ठेवत नाही.

१९४८ मध्ये कत्र्यांनी हाती घेतलेला संस्कृत महाकोशही असाच. शब्द कसा असावा हे न सांगता तो कोठे, केव्हा, कोणत्या अर्थाने आला ते नोंदवायचे. पहिला भाग छापून यायला १९७६ उजाडले. काम अजून चालू आहे.

निवृत्तीनंतरही ते पाणिनीवर काम करत राहिले. अष्टाध्यायीचा त्यांचा इंग्रजी अनुवाद १९८७ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाने प्रसिद्ध केला. १९९८ मध्ये ते गेले.