हेन्री मॉडस्ली : सर्टिफिकेट नसलेला उस्ताद

लंडन बघायला आलेले आपले पाहुणे ग्रीनिचपर्यंत हमखास जातात. तिथून थोडं पुढे, थेम्सच्या काठी वूलिच आहे. हेन्री मॉडस्लीचा जन्म इथलाच, १७७१ सालचा. वडील तिथल्या सरकारी शस्त्रागारात कामाला होते. हेन्रीही बाराव्या वर्षी तिथेच काडतुसांत दारू भरायला लागला. पुढे सुतारखात्यात गेला. पण ओढ लोखंडाची, म्हणून लोहारखात्यात आला. अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या हाताची कीर्ती लंडनमध्ये पोचली होती.

जोसेफ ब्रामा या कुलूपवाल्याला असाच हात हवा होता. अडचण एकच. त्या काळी सात वर्षांची रीतसर उमेदवारी केल्याशिवाय कोणी कारागीर म्हणून उभं करत नसे. असं सांगतात, की एक झिजून निकामी झालेला बेंच व्हाइस त्याच्यापुढे ठेवला गेला आणि संध्याकाळची सुट्टी व्हायच्या आत त्यानं तो नव्यासारखा करून दिला. मग सात वर्षांचा विषय कोणी काढला नाही.

ब्रामाकडे तो मुख्य कारागीर झाला. पगार आठवड्याला ३० शिलिंग. घरसंसार वाढला तशी त्यानं पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही. १७९७ साली नोकरी सोडून त्यानं ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ स्वतःचं छोटं वर्कशॉप थाटलं. त्या वेळी स्क्रूचे आटे बहुतेक हातानं, अंदाजानं पाडत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेलच असं नाही. मॉडस्लीच्या लेथनं आटे एकसारखे आणि पुन्हा पुन्हा तसेच पाडता येऊ लागले.

मग मोठं काम आलं. युद्धनौकांना दोरखंड ओढायला शेकड्यानं लाकडी कप्प्या लागत. मार्क ब्रुनेलच्या आराखड्यावरून मॉडस्लीनं पोर्ट्समथच्या गोदीसाठी या कप्प्या बनवणारी ४५ यंत्रं तयार केली. जिथे ११० कसबी माणसं लागत, तिथे १० साध्या कामगारांत काम भागू लागलं. आज ऑटोमेशनची धास्ती घेतलेल्या मुलांनी यातली एक गोष्ट बघावी : यंत्र चालवायला कसब कमी लागलं, पण ती यंत्रं घडवायला आधीपेक्षा जास्त लागलं. मॉडस्लीच्या वर्कशॉपला दिवस आले ते यामुळेच.

१८१०मध्ये तो लॅम्बेथला आला आणि तिथलं वर्कशॉप हीच एक शाळा झाली. कारागिरांच्या बाकावर अगदी सपाट केलेली प्लेट असे. कानस मारायची, जॉब प्लेटवर ठेवून बघायचा, उंचवटा दिसला की परत कानस. मापावरून वाद झालाच, तर मॉडस्लीचा मायक्रोमीटर निकाल देई. इंचाचा दहा हजारावा भाग मोजणाऱ्या त्या यंत्राला त्यानं गमतीनं लॉर्ड चॅन्सलर नाव दिलं होतं. आपल्या आयटीआयमध्ये फिटरच्या हातात सुरुवातीला कानस देतात, ती शिस्त हीच.

फी भरून शिकायला येणाऱ्या श्रीमंतांच्या पोरांना मात्र तो कंटाळला होता. वेळ पाळत नसत, शिस्त मोडत. शेवटी त्यानं असे उमेदवार घेणंच बंद केलं. १८२९मध्ये जेम्स नेस्मिथ हा वीस वर्षांचा तरुण एडिनबराहून आला, तेव्हा त्यालाही आधी नकारच मिळाला. पण पोरानं स्वतः बनवलेलं छोटं वाफेचं इंजिन आणि ड्रॉइंग सोबत आणली होती. ती बघून मॉडस्लीनं त्याला थेट आपला मदतनीस करून घेतलं. याच नेस्मिथनं पुढे वाफेवर चालणारा घण काढला.

मॉडस्ली १८३१मध्ये गेला. वूलिचलाच त्याला पुरलं. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१मध्ये स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवलं आणि १८६८मध्ये इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी स्कॉलरशिप सुरू केली. ती आजही मिळते, आणि आधी उमेदवारी करून, हात काळे करून मग डिग्रीकडे वळलेल्यांनाच मिळते.

आपल्याकडे आयटीआय किंवा डिप्लोमा करून डिग्रीला आलेल्या मुलाला वर्गात अनेकदा कमी लेखलं जातं. त्यानं मुलाखतीला जाताना मार्कशीटच्या फाइलसोबत स्वतः घडवलेली एखादी वस्तू जरूर न्यावी. आणि समोर बसलेल्यांनी आधी ती हातात घेऊन बघावी.