रक्ताचा थेंब आणि मिठाचे पाणी

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघाले की वाटेत वळसंग लागते. या पट्ट्यातल्या जुन्या गावांना वेशीपाशी मरीआईचे ठाणे ठाऊक आहे. मरीआई ही पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची देवी. आषाढी वारीहून परतणाऱ्यांबरोबर पटकी गावोगाव जाई. मग मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडायचा, एवढेच लोकांच्या हाती असे. दवाखान्यातही फार वेगळे चित्र नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या मोठ्या रुग्णालयात दाखल होणाऱ्या पटकीच्या शंभरातले साठेक रोगी दगावत.

तिथे पॅथॉलॉजी शिकवणाऱ्या लिओनार्ड रॉजर्स यांना हा आकडा स्वस्थ बसू देईना. त्यांचा जन्म १८६८ चा, इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातला. लंडनला वैद्यक शिकून १८९३ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले आणि १९२० पर्यंत भारतातच राहिले.

शिरेतून मिठाचे पाणी देण्याची कल्पना त्यांची नव्हे. स्कॉटलंडच्या टॉमस लाट्टा यांनी १८३२ मध्येच ती वापरली होती. मरायला टेकलेला रोगी उठून बसे, पण काही तासांत पुन्हा ढासळे. दिलेले पाणी जुलाबावाटे निघून जाई आणि पुन्हा किती द्यायचे याचा अंदाज कुणालाच नसे. पुढे ही पद्धत मागे पडली. वापरलीच, तर हमखास गुण येत नसे.

रॉजर्स यांनी आधी मोजायला घेतले. पटकीत आतड्यावाटे पाणी आणि क्षार जातात. रक्तपेशी आणि प्रथिने मात्र शिरांतच राहतात. म्हणजे रक्ताचे आकारमान झपाट्याने घटते, वस्तुमान त्या मानाने कमी घटते आणि घनता वाढते. निरोगी माणसाचे एक लिटर रक्त सुमारे १०५६ ग्रॅम भरते. पटकीच्या रोग्याचे समजा १०६६ ग्रॅम भरले. फरक दहाच ग्रॅमचा, तराजूवर किरकोळ वाटावा असा. पण हिशेब मांडला तर मूळ रक्तातले लिटरमागे सुमारे १५० मिलिलिटर पाणी निघून गेले आहे!

अत्यवस्थ रोग्याचे लिटरभर रक्त काढून कोण तोलणार? रॉजर्स यांनी ग्लिसरीन आणि पाणी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून छोट्या बाटल्या भरल्या. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड, त्यामुळे प्रत्येक बाटलीची घनता वेगळी. बोटातून काढलेल्या रक्ताचा थेंब त्यात सोडायचा. तो बुडाला तर रक्त त्या मिश्रणाहून दाट, वर आला तर पातळ आणि मध्येच थांबला तर तीच रक्ताची घनता. मिठाच्या पाण्यात अंडे तरंगते, त्याच नियमाचा हा उपयोग. प्रयोगशाळा नको, वीज नको. खाटेपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला सलाईन किती द्यायचे ते मिनिटभरात कळे.

दुसरा बदल मिठात होता. नेहमीच्या सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. रॉजर्स यांनी ते साडेतेराच्या पुढे नेले. जास्त खारट पाणी शिरांत टिकेल आणि आजूबाजूच्या पेशींतले पाणीही रक्तात ओढेल, असा त्यांचा तर्क होता. १९०८ पासून ही पद्धत सुरू झाली आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तरीही काही रोगी सलाईन मिळून, नाडी परत येऊन, लघवी बंद पडल्याने जात. रक्त आम्लधर्मी होते हे ओळखून त्यांनी पुढे सोडियम बायकार्बोनेटची जोड दिली. मृत्यू आणखी खाली आले.

आज पटकीत इतके खारट सलाईन कुणी देत नाही. रिंगर लॅक्टेट पुरते. यशाचे श्रेय जादा मिठापेक्षा मोजून, पुरेसे आणि पुन्हा पुन्हा पाणी देण्याला असावे, असे मागे वळून पाहताना वाटते. रॉजर्स यांचा तर्क अर्धा बरोबर होता. त्यांच्या बाटल्या पूर्ण बरोबर होत्या.

आमांशावर एमेटिन, काळा आजारावर अँटिमनी, कुष्ठरोगावर चौलमुगरा तेलापासून केलेली इंजेक्शने, असा त्यांचा बाकीचा व्यापही मोठा. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनसाठी त्यांनी पैसेही गोळा केले. १९६२ मध्ये, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन, ते गेले.

त्यानंतर नऊ वर्षांनी, बांगलादेश युद्धाच्या वेळी, बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात विरघळवून रोग्यांना पाजले आणि हजारो जीव वाचले. तेच आजचे ओआरएस. यातही हिशेब वजनाचा आणि आकारमानाचाच आहे. मोठ्या पाकिटात साडेवीस ग्रॅम पावडर असते, ती एक लिटर पाण्यासाठी. बाळ एवढे पिणार नाही म्हणून ती अर्ध्या लिटरमध्ये घातली, तर क्षार आणि साखर दुप्पट दाट होतात. असे पाणी आतड्यात गेले, की उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. बाळ लिटरभर प्यायले नाही तर उरलेले चोवीस तासांनी टाकून द्यावे, पण पाणी मोजूनच घ्यावे.

आणि तो थेंब? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी संशोधकांनी ग्लिसरीनऐवजी मोरचुदाचे निळे द्रावण वापरले. रक्तदान शिबिरात बोटाला सुई टोचून निळ्या पाण्यात थेंब सोडतात, ते हेच. त्या द्रावणाची घनता १.०५३ असते. थेंब पंधरा सेकंदांत तळाला गेला, तर हिमोग्लोबिन साडेबारा किंवा त्याहून जास्त आहे असे धरतात आणि दात्याला खाटेवर झोपायला सांगतात.